मामांच्या तोंडातला तीळ

तोंडात तीळ न भिजणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या हिच्या करडी गावच्या मामांच्या तोंडात तो ओलासुद्धा होत नसे. गावात कुणाच्याही मुलीचं लग्न जुळलं की मुलीआधी मोहाडीच्या बाजाराला कळायचं. त्यांच्या मुलाने बायकोसाठी गुपचूप साडी आणली, तर मामांनी सुनेला अंगणातूनच सांगितलं, "हिरवी आहे, काठ मोठे आहेत. पाहून चकित झाल्यासारखी करजो!"

अशा माणसाला कुण्या दिग्दर्शकाने गुपित सांगावं! गावच्या तलावाच्या पाळीवर खुनाच्या सिनेमाचं शूटिंग झालं. मामा त्यात चौकीदार. शेवटच्या प्रसंगात हातात रक्ताळलेला विळा घेऊन ते खदखदा हसतात. खुनी तेच! "बोलायचं नाही," दिग्दर्शकाने बजावलं. आणि नवल म्हणजे मामा वर्षभर बोलले नाहीत. मामी घाबरल्या. "यायले काय झालं माय, चूप बसून राहिले!"

सिनेमा लागला तेव्हा मामांनी टेम्पो भरून गाव भंडाऱ्याला नेलं. आणि काय तो भिकार सिनेमा! मुडद्याचं पोट श्वासाने हलतंय, इन्स्पेक्टर भरदुपारी टॉर्च घेऊन पुरावे शोधतोय, आणि सारखा मामांचा विळा दाखवताहेत. शेवटी काय, तर चाकाच्या खुर्चीतली लुळी आत्या ताडकन उठते आणि म्हणते, "मीच!" का? तर लहानपणी भावाने तिची बाहुली मोडली होती! अरे, बाहुलीपायी कोणी सात मुडदे पाडतं का? आणि मग तो विळा काय गवत कापायला दाखवला? दिग्दर्शकाने ऐनवेळी शेवटच बदलला होता. मामांच्या वाट्याला उरलं फक्त फाटक उघडणं.

दिवे लागले, लोक उठले. मामा हलेनात. "थांबा ना जावईबापू, खरा खुनी निघाचा आहे अजून." पडदा पांढरा झाला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "खुनी मी होतो. जन्मात एकच गोष्ट पोटात ठेवली, अन् तेही खोटी निघाली."

बाहेर गाव कौतुक करत होतं, "मामा, फाटक मस्त उघडलं बरं!" मामा नुसते हसले. माझ्या मनात त्या दिग्दर्शकाला चार शिव्या आल्या, अजूनही येतात.

परवा करडीला गेलो होतो. मुलाने पुन्हा साडी आणली होती. सून मुद्दाम अंगणात येऊन मामांपुढे उभी राहिली.

"बाबा, सांगा ना, रंग कोणता?"

"मले काय मालूम," मामा म्हणाले.