नणंदबाईंचं ‘बराबर’

पौषातला पहिला रविवार. हजर: मी, माझी लेक, धाकटी जाऊ, शेजारच्या शबानाभाभी आणि जिच्या अंगणात आम्ही केस मोकळे सोडून रांगेत बसलो होतो ती माझी मोठी नणंद. डोकी पाच, धुवायची चार.

आमच्या नणंदबाईंनी ज्याच्या केसांना हात लावला नाही असा माणूस हिंगोली जिल्ह्यात असलाच तर तो टकला असणार, आणि त्यालाही त्यांनी सल्ला दिलेलाच असणार. आखाडा बाळापुरात त्यांच्या घरी गेलं की चहाआधी वेणी तपासली जाते. जवळा बाजारला एका लग्नात त्यांनी नवरीच्या सासूचा अंबाडा भरमांडवात सोडला आणि विचारलं, “काहून बाई, डोस्क्यात भुसा भरून ठेवला?” एकदा बस कनेरगाव नाक्यावर चहाला थांबली, तर यांनी कंडक्टरला गाठलं. “दादा, टोपी काढा बरं.” टोपीखाली कोंडा निघाला. पिशवीतली साबणाची वडी त्याच्या हातावर ठेवून त्यांनी ती कशी वापरायची हे इतकं सविस्तर सांगितलं की ड्रायव्हरला दुसरा चहा घ्यावा लागला. तो कंडक्टर आता त्यांना पाहिलं की आधी टोपी काढतो.

वडीही त्यांच्याच हातची, करडीच्या तेलाची. कापून झाली की महिनाभर पलंगाखाली सुती धोतरावर वाळत पडते, आणि तोवर सख्ख्या भावालाही मिळत नाही. माझ्या नवऱ्याने एकदा गुपचूप उचलली, तर आतल्या खोलीतून आवाज आला, “ठेव खाली! कच्ची हाय अजून. निजलेल्या लेकराला उठवतेत काय?”

पण यंदा त्यांची बोटं सांध्यांत आखडू लागली आहेत. वड्या कापताना सुरी दोनदा निसटलेली मी पाहिली. म्हणून त्या रविवारी मी वही आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊनच गेले. सगळं प्रमाणासह उतरवून घ्यायचं. हात थकले तरी विद्या थकायला नको.

“ताई, रिठे किती?”

“बराबर.”

“आणि शिकेकाई?”

“ती बी बराबर.”

“आवळा?”

“रिठा बराबर घेतल्यावर आवळा काय वाकडा घेतेत?”

शबानाभाभी केसांआडून हसल्या. “लिख लेव बाई, पाव किलो बराबर.”

मी हार मानली नाही. त्या मूठ भरत, मी ती काट्यावर ठेवी. लेकीसाठी घेतले त्याच्या निम्मेच रिठे त्यांनी जावेसाठी घेतले, तेव्हा मी ती मूठ पुन्हा काट्यावर ठेवून पाहिली. हात तर गेलेच, आता अंदाजही गेला की काय?

“ताई, तुमी चुकल्या. मघाशी दुप्पट होते.”

त्यांनी माझा हात धरून आधी लेकीच्या केसांत घातला. तेलकट, निसरडे. मग जावेच्या केसांत. सुतळीसारखे कोरडे.

“डोस्कं येगळं, तर रिठा येगळा. तू काटा रिठ्याला लावून राहिली, मी डोस्क्याला.”

इतक्या वर्षांत इतक्या याद्या केल्या, पण यादीच चुकीच्या गोष्टीची आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते पान फाडलं. नव्या पानावर जिनसांऐवजी माणसांची नावं लिहिली आणि प्रत्येकीच्या डोक्यात बोटं घालून मगच पुढचं लिहिलं. शबानाभाभींचं प्रमाण मी स्वतः सांगितलं. नणंदबाईंनी माझी रिठ्यांची मूठ उघडून पाहिली आणि म्हणाल्या, “बराबर.” शाळेतही मला कुठल्या शेऱ्याचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

चार ओळी झाल्या. “ताई, आता तुमचं.”

त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. “माजं कोन पाहतंय गं? तुमचं झालं की उरलेलं पानी वतून घेते.”

“बसा. मी धुते.”

“पुढल्या खेपेला.”

त्यानंतर मी तीनदा जाऊन आले. एकदा वड्या कापायच्या होत्या, एकदा पाहुणे होते, एकदा म्हणे ऊनच नव्हतं. पाचव्या ओळीत त्यांचं नाव लिहिलेलं आहे, पुढची जागा कोरी आहे. उद्या पुन्हा रविवार. वही पिशवीत टाकली आहे. काटा घरीच ठेवते.