तुळशीजवळचे काळे गोटे

दापोडे, बुधवार, ७ फेब्रुवारी २०२४. दूधवाला उशिरा आला. शेजारच्या काळूराम भाऊंचा आज नववा दिवस. दुपारी त्यांच्या अंगणात गलका झाला म्हणून गेले. जीवखडा सापडत नाही.

काळूराम भाऊ आणि त्यांच्या पत्नी राहीबाई उमेदीच्या काळात खाणीवर काळा दगड फोडत. पुढे त्यांच्या शेतावर गोदाम उठले, बंगला झाला. मुलाला, हितेशला, अंगणात काळ्या गोट्यांची बाग हवी होती. राहीबाई म्हणायच्या, "जल्मभर फोडला, आता दारात मांडून बगायचा!"

बागेचे काम ठेकेदार अय्यूबभाईंना आधीच दिलेले. वडील गेल्यावर त्यांना थांबवायचे हितेश विसरला. चितेपाशी ज्या दगडाने मडके फोडतात, तो जीवखडा; दहाव्यापर्यंत तोच गेलेला माणूस. घरात आणत नाहीत म्हणून तो तुळशीपाशी फडक्यात ठेवला होता. वाऱ्याने फडके उडाले असावे. कामगारांनी आपलाच सांडलेला गोटा समजून तो वाफ्यात टाकला आणि चकाकीसाठी सगळ्यांवर तेल फिरवले.

दगड हितेशनेच स्मशानातून उचललेला, पण त्यालाही ओळखेना.

"आई, यातलाच एक घे. कोनाला कलनार हाय?"

"बापूस बदलतस काय रं?"

राहीबाई दिवेलागणीपर्यंत एकेक गोटा पुसून पाहत राहिल्या. हात तेलाने काळे झाले. मग उठल्या.

"यांच्यातच हायेत ना ते? मंग सगलेच न्यायचे."

अय्यूबभाई फाटकाशी मान खाली घालून उभे होते. "चाची, टेम्पो मेरा. सकाळी आणतो. गोटे मीच उचलतो."

"तू टेम्पो आन. उचलंल हितेश."

घमेली कमी पडली म्हणून माझ्याकडची दोन दिली.

गुरुवार, ८ फेब्रुवारी. दहाव्याला खाडीवर भटजी कुरकुरले, "एवढ्या दगडांना पाणी द्यायचं?"

"मानूस येकच हाय," राहीबाई म्हणाल्या. "तुमी पानी द्या. ज्याचं त्याला पोचंल."

हितेशने साऱ्या ढिगावर तिळाचे पाणी सोडले. मग एकेक घमेले छातीशी धरून तो पाण्यात उतरत राहिला. नवे धोतर तेलाने माखले. कोणी हात लावायला गेले तर राहीबाई नुसती मान हलवत. शेवटचा गोटा मात्र त्यांनी मागून घेतला, पदराने पुसला आणि स्वतःच्या हाताने सोडला.

परत आलो तेव्हा तुळशीभोवती उघडी माती होती.

संध्याकाळी नोंदवले: आपली दोन घमेली राहीबाईंकडून परत आली. तेलकट होती. राखेने घासून मागच्या दारी पालथी घातली.