पेटीची चुगली

“थांब! खुनी कोण ते सांगू नको,” म्हणत सर दोन्ही कानांवर हात ठेवायचे. खरं तर मी अजून तोंडही उघडलेलं नसायचं.

अंबाजोगाईत तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. स्कूटरला मागे हार्मोनियम बांधून हिंडणारे, शाळेतून निवृत्त झालेले संगीत शिक्षक.

आमच्या नाट्यमंडळाने एका जुन्या इंग्रजी रहस्यकादंबरीचं संगीत नाटक करायचं ठरवलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून रूपांतर माझ्याकडे आलं, चाली सरांकडे. इंग्लंडातला बंगला मी बीडजवळच्या एका कापूस-जिनिंगवाल्याच्या घरात आणून ठेवला. रोज संध्याकाळी एक प्रकरण त्यांना सांगायचे, खाली बघत, हळू आवाजात.

“मोठ्यानं बोल की. खून तू केलास का?”

डिटेक्टिव्हला त्यांनी चक्क गायला पद दिलं, तेव्हा मी कसंबसं म्हटलं, “सर, गाणाऱ्या डिटेक्टिव्हला कोण घाबरेल?”

“न गाणाऱ्याला तरी आपल्याकडं कोण भितंय?”

खुनी न विचारण्याचं कारण मात्र ते गंभीरपणे सांगत. “मला कळलं की पेटी चुगली करती. तो माणूस आला की बोटं आपोआप खालच्या सुरात घुसतेत. लोकं पहिल्या अंकातच ओळखतेत.”

म्हणून सगळ्या चाली होईपर्यंत शेवट ऐकायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यात त्यांचा जीव जडला जिनिंगमालकाच्या धाकट्या सुनेवर. तिच्या अंगाईला त्यांनी सगळ्यांत गोड चाल दिली. “लई गुणाची हाय ही,” ते म्हणत, आणि मी उगाच पानं चाळत बसे. सासऱ्याच्या दुधात विष तिनंच घातलं होतं.

शेवटचं प्रकरण सांगायची वेळ आली तेव्हा मला एकच भीती होती, ती अंगाई आता जाणार. मी सुनेचं नाव घेतलं. सरांनी भाता मिटला.

“कावून केलं तिनं?”

“सासरा तिचं बाळ काढून घेणार होता.”

“मग चाल बदलायची न्हाई,” ते म्हणाले. “गुन्हा कबूल करताना बी हेच गाऊ दे तिला. जरा हळू.”

ते गाणं त्यांनी बसवून दिलं. प्रयोगापर्यंत मात्र ते हयात राहिले नाहीत.

चौसाळ्याच्या प्रयोगात पोलीस सुनेला न्यायला आले आणि ती गायला लागली. माझ्या शेजारच्या बाई डोळ्यांना पदर लावून मोठ्यानं म्हणाल्या, “लेकराची आई हाय ती! कावून नेतेत तिला?”

सरांनी हे ऐकलं का, म्हणून मी विंगेकडे पाहिलं. त्यांचा विद्यार्थी मान खाली घालून पेटी वाजवत होता.