सगळ्यांच्या आधी हसणारी

"थांबा व माय! आते देखा!"

एवढं म्हणून आक्का उजवा हात वर करायची. पंजा उघडा, बोटांवर साडीला खडे चिकटवायचा वाळलेला गोंद. तो हात वर गेला की ओट्यावरच्या सगळ्या बायांचं काम थांबायचं. मधल्या फळीवर टेकवलेल्या मोबाइलमध्ये आमचा खान्देशी कलाकार पुढे काय बोलणार, हे आक्काला आधीच माहीत असायचं. तो बोलायचा, आक्का हसायची, आणि मग बाकीच्या हसायच्या. क्रम कधी बदलला नाही.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. हसण्याची सुरुवात कुणीतरी करावी लागते, आणि ती जबाबदारी गल्लीने न विचारता कुणावर तरी टाकलेली असते.

सुरतेतल्या लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत ती जबाबदारी आक्काची. माझ्या घरापासून तिसरं दार. नवरा कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करून करून कानाने अधू झाला होता आणि नंतर गेला. मुलगा पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग कारखान्यात. आक्का घरी साड्यांना लेस लावायची, खडे चिकटवायची. दुपारी जेवणं आटोपली की गल्लीतल्या बाया आपापल्या साड्या घेऊन तिच्या ओट्यावर जमत. माझी बायकोही त्यांच्यात. मी रिंगरोडवरच्या एका साडी व्यापाऱ्याकडे हिशोब बघतो. सुट्टीच्या दिवशी दारात खुर्ची टाकून पेपर वाचायला बसलो की ओट्यावरचं सगळं कानावर यायचंच.

हा कलाकार म्हणजे नंदुरबारकडच्या एका खेड्यातला पोरगा. मोबाइलवर अहिराणीत छोटे विनोदी व्हिडिओ करायचा. त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा आक्काने त्याला आवाजी निरोप पाठवला होता. तो गल्लीत अजून सांगतात.

"भाऊ, तुनं बोलनं गोड शे. पन तू सासूले रडाडस, ते नही जमनं. सासू रडत नही. सासू भांडा आपटस."

त्याने तो व्हिडिओ पुन्हा केला. सासूने भांडी आपटली. तो व्हिडिओ इतका चालला की पोराचं नाव खान्देशभर झालं. तेव्हापासून त्याने एक नेम ठेवला. नवा व्हिडिओ झाला की जगाला दाखवायच्या आधी आक्काला पाठवायचा. आक्का बघायची आणि दोनपैकी एक शब्द कळवायची. "जमनं", नाहीतर "नही जमनं". मधलं काही नाही. मला हे आवडायचं. माझ्या धंद्यातही ताळेबंद जमतो किंवा जमत नाही.

एकदा तो सुरतला आला तेव्हा तिच्या घरी जेवला. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. जेवताना तो तिच्याकडेच बघत होता. म्हणाला, "आक्का, तुना हा हात वर करानी पद्धत मी कधीतरी वापरसू."

"लई जा," आक्का म्हणाली. "माले दोन हात शेत."

गल्ली हसली. तोही हसला. त्याने तिच्या पायांना हात लावला आणि गेला.

मग त्याचा मोठा पिक्चर आला. म्हणजे येणार होता. पैसे लावणाऱ्यांत आमचे शेठही होते. पिक्चर तयार होत आल्यावर ठरलं की आधी निवडक लोकांना दाखवायचा, त्यांची मतं घ्यायची, काटछाट करायची आणि मग प्रदर्शित करायचा. जागा ठरली शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका मॉलमधलं थिएटर. दारावर पास तपासायला आणि मतांचे कागद गोळा करायला भरवशाचा माणूस हवा होता. शेठनी मला सांगितलं. आत जे दिसेल ते पिक्चर लागेपर्यंत कुणाला सांगणार नाही, अशी सहीही माझ्याकडून घेतली.

गल्लीला बातमी लागलीच. मी संध्याकाळी घरी आलो तर ओट्यावर बाया काम न करता बसल्या होत्या.

"भाऊ, आमना पास कोठे शेत?" आक्काने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. पास ओळखीवर नाहीत. ज्यांनी या कलाकाराला आधी पाहिलेलं नाही, अशाच लोकांना बोलावलं आहे. चाहते कशावरही हसतात, त्यामुळे त्यांच्या मताचा उपयोग नसतो, असं कंपनीचं म्हणणं.

आक्काने पदर खोचला. "म्हंजे हे लगीन कोन्या गावचं?" ती म्हणाली. "वऱ्हाडी अनोळखी, आन घरचे मांडवाबाहेर?"

"मी कशावरही हसते काय, भाऊ?" हे तिने हळू विचारलं. माझ्याशी ती अर्धी अहिराणी, अर्धी मराठी बोलायची. हे वाक्य स्वच्छ मराठीत होतं.

"नाही," मी म्हणालो. "पण हे त्यांना माहीत नाही."

"त्याला माहीत शे," ती म्हणाली.

माझी बायको त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. ताट वाढलं, पण वाढताना सासूने भांडी आपटावीत तसं आपटलं.

रविवारी सकाळी मी मॉलच्या वरच्या मजल्यावर थिएटरच्या दाराशी उभा होतो. लोक येत होते. तरुण मुलंमुली, गुजराती, हिंदी बोलणारी, काही नोकरदार जोडपी. सगळे नीटनेटके, मोबाइल पिशवीत बंद करून देणारे. माझं काम सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात खालून सुरक्षारक्षक धावत आला.

"साहेब, नीचे कुछ औरतें हैं. नारियल लेके आई हैं. बोलती हैं फोडना है."

मला कळायचं ते कळलं. आमच्याकडे आपल्या माणसाचा पिक्चर लागला की पहिल्या शोला थिएटरच्या पायरीवर नारळ फोडतात. लिंबायतच्या जुन्या थिएटरला पायरी होती. मॉलला पायरी नव्हती, सरकता जिना होता.

मी खाली गेलो. ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या आठ-दहा बाया चकचकीत फरशीवर एकमेकींना धरून उभ्या होत्या. पुढे आक्का, हातात नारळ, तपासणीच्या यंत्रापाशी. मागे माझी बायको, माझ्याकडे न बघता. रक्षकांच्या सायबाचा चेहरा लाल झाला होता. आता एक शब्द वाकडा गेला असता तर पोलिसांना फोन झाला असता. शेठचं नाव, कलाकाराचं नाव, गल्लीचं नाव, सगळं एकदम बाहेर आलं असतं.

"आक्का, आत सोडता येणार नाही," मी म्हणालो.

"आत येवाले आलोच कोठे?" ती म्हणाली. "शो पहिला शे ना? मंग नारळ नको?"

"इथे फोडता येत नाही. फरशी आहे."

"फरशीवरच फुटतो नारळ, भाऊ. गादीवर फुटत नही."

मागच्या एकीला हसू फुटलं. रक्षकांच्या सायबाला मराठी कळत नव्हतं, तो मात्र सावध झाला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की या माझ्या घरच्या आहेत. हे खोटंही नव्हतं. शेवटी तडजोड झाली. नारळ बाहेर गाड्या उभ्या करायच्या जागेत, झाडाच्या आळ्यातल्या दगडावर फुटला. बाया रिक्षांत बसून घरी गेल्या. आक्का मात्र बसली नाही. "मी वर बाकावर बसते," ती म्हणाली. "बाकावर बसायला पास लागत नही ना?"

बाकाला पास लागत नव्हता. मी तिला वर नेलं. थिएटरच्या दारापासून चार हातांवर बाक होता. दार बंद झालं, मी आत शेवटच्या रांगेमागे उभा राहिलो.

आता मी काय पाहिलं ते सांगतो. आज सांगायला हरकत नाही, ती का नाही ते पुढे येईल.

पिक्चरमध्ये एक शेजारीण होती. मुंबईची एक नटी हिंदीत बोलत ती भूमिका करत होती. ही शेजारीण टीव्हीपुढे बसायची, गोंदाने चिकट झालेला हात वर करायची आणि म्हणायची, "रुको रे माई, अब देखो!" आणि चुकीच्या जागी हसायची. सगळ्यांच्या आधी, आणि कारण नसताना. बाकीचे तिच्याकडे बघायचे. गोंदाचा हात केसाला चिकटायचा, पदराला चिकटायचा.

थिएटरमध्ये हशा कोसळला. लोक खुर्चीच्या हातावर थापा मारत होते. पुन्हा ती आली, पुन्हा हात वर, पुन्हा तसंच हसू. त्या दिवशीच्या कागदांत सगळ्यांत जास्त गुण त्या शेजारणीला होते. बेरीज मीच केली.

मी बाहेर आलो तेव्हा आक्का बाकावर नव्हती. दाराला कान लावून उभी होती. तिचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना.

"हासनात ना?" ती म्हणाली. "केवढं हासनात! छप्पर उडालं. कशावर हासनात, भाऊ?"

"आक्का, मी सही केली आहे."

"हां, हां. मंग नका सांगू." तिने लगेच हात हलवला. सहीचा मान तिला कळत होता.

इतक्यात तो कलाकार बाहेर आला. भोवती माणसं. तिला बघून थबकला. वाकून पायांना हात लावला, पण मान वर करायला त्याला वेळ लागला. "आक्का, रिलीजले तुले पहिल्या रांगेत बसाडसू," तो म्हणाला, आणि माणसांनी त्याला पुढे नेलं.

परतताना रिक्षात आक्का सगळ्या वाटेने मला तेच सांगत होती. किती हसले, कसे हसले. मी पुढे चालकाजवळ बसलो होतो. मागे वळलो नाही.

तो पिक्चर लागला नाही. पैसे लावणाऱ्यांत भांडण झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथेच राहिलं. गल्लीने काही महिने वाट बघितली, मग विषय सोडला. आक्काने सोडला नाही. दर सुट्टीला ती माझ्या खुर्चीकडे बघायची. विचारायची नाही. नुसती बघायची. ते न विचारणंच मला जड जायला लागलं.

मी शेठना विचारलं की त्या सहीचं आता काय. ते चिडलेलेच होते. "हवे शेनो करार, भाई? जेने कहेवुं होय तेने कहो!" आता कसला करार, कुणालाही सांगा म्हणाले. म्हणजे माझी आडोशाची जागाही गेली.

त्या रविवारी मी खुर्ची उचलली आणि ओट्याजवळ नेऊन ठेवली. बायांनी सुया थांबवल्या. मी पिक्चर सांगितला. मला गोष्ट सांगता येत नाही. मी जमाखर्च वाचावा तसा सांगितला, कोण आलं, कोण गेलं, शेवटी काय उरलं. शेजारीण मी गाळली.

आक्का शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "यात हसायचं कोठे व्हतं?"

मी खुर्ची थोडी मागे सरकवली.

"भाऊ, मी दाराला कान लावला व्हता. छप्पर उडालं व्हतं. कशावर?"

माझी बायको माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली, नको म्हणून. पण प्रश्न सरळ होता. मी सांगितलं. मुंबईची नटी, हिंदी, वर केलेला हात, गोंद, चुकीच्या जागी हसणं. सगळं.

गल्लीच्या टोकाचे लूम चालू होते, त्यांचाच काय तो आवाज.

"तुम्ही हासनात का?" आक्काने विचारलं.

"नाही."

"काबर नही?" तिच्या आवाजात राग होता, आणि तो माझ्यावरच होता. "खराब केलं व्हतं का तिनं?"

"नाही. चांगलं केलं होतं."

"मंग हसायला पाहिजे होतं. माझ्यावर होतं म्हनून नही हसले? पोऱ्यानी मेहनत शे ती."

एवढं बोलून तिने मांडीवरची साडी ओढून घेतली आणि खडे लावायला लागली. एक लागला, दुसरा लागला. मग तिने बोटांवरचा गोंद नखाने खरवडायला सुरुवात केली. बराच वेळ खरवडत राहिली. आधी कधी तिला मी गोंद काढताना पाहिलं नव्हतं.

पुढे तो कलाकार पुन्हा मोबाइलवर व्हिडिओ करायला लागला. दुसरं करणार काय? आणि नेमाने, जगाच्या आधी, पहिला व्हिडिओ आक्काला पाठवला. दुपारी बाया जमल्या होत्या. मोबाइल वाजला. आक्काने बघितलं आणि फोन माझ्या बायकोच्या हातात दिला.

"तुम्ही देखा व," ती म्हणाली. "माले स्वयंपाक शे."

दुपारचे तीन वाजले होते. ती आत गेली. बायांनी व्हिडिओ लावला. तो पोरगा बोलायला लागला, नेहमीसारखा गोड, नेहमीसारखा भरभर. मी खुर्चीतून बघत होतो. हसायची जागा आली. बायांना ती कळली, मलाही कळली. कुणी हसलं नाही. सगळ्या जणी आतल्या अंधाऱ्या दाराकडे बघत होत्या.