हळदीच्या तुकड्यांचं इंग्रजी

आमच्या शेजारच्या मास्तरांइतका इंग्रजी शब्दांना छळणारा माणूस अख्ख्या सेनगाव तालुक्यात सापडायचा नाही. लांबलचक शब्द त्यांना अखंड बघवतच नसे. हळद काढायच्या दिवसांत ते आमच्या अंगणात येऊन बसत, ओलं हळकुंड मोडून त्याचे तुकडे ओळीनं मांडत. एका झटक्यात तोंडातून जेवढं निघतं तेवढ्याचा एक तुकडा. जिथं जोर द्यायचा तिथं सगळ्यांत जाड. "वैनी, हे बघा. यु, नि, व्हर्, सि, टी. तिसरा जाड." मी म्हणायचे, "मास्तर, मी चौथी शिकलेली. मला काहून तकलीफ देता? आन् माझी हळद नासून राहिले तुमी." पण पाच तुकडे आणि तिसरा जाड, हे डोक्यात बसलं ते बसलंच.

लग्नपत्रिका, औषधाच्या बाटल्या, दुकानांच्या पाट्या, त्यांच्या तावडीतून काही सुटलं नाही. एकदा हिंगोलीच्या वाटेवर एसटी बंद पडली. सगळे खाली उतरले आणि हे कंडक्टरला 'रिझर्व्हेशन'मध्ये जोर कुठं द्यायचा ते शिकवत उभे. तो म्हणाला, "मास्तर, तो जोर आधी गाडीला मागून लावा." मास्तर खरंच गेले. "रि, झर्, व्हे!" असं ओरडू लागले. 'व्हे'ला सगळ्यांनी मिळून रेटा दिला आणि गाडी सुरू झाली.

यंदा हळद काढायच्या तोंडावर त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा, उशीर झाला तर वाचा परत यायची नाही. मास्तरीणबाई समोर बसून देवाची, लेकरांची नावं घेई. मास्तर भिंतीकडं बघत. "वैनी, माझा आवाज बी नको झालाय त्यांना," ती म्हणाली. मला नुसतं रडत बसणं पटत नाही. मी हळकुंड मोडलं, खाटेवर पाच तुकडे मांडले आणि मोठ्यानं म्हणाले, "युनिव्हर्सिटी." घाईत जाड तुकडा पहिला पडला.

मास्तरांनी मान वळवली. कपाळाला आठ्या. डावा हात सरकत आला, जाड तुकडा उचलून त्यांनी तिसऱ्या जागी ठेवला. तोंड वाकडं झालं, लाळ गळाली, आणि बाहेर पडलं, "व्हर्!" मास्तरीणबाई तोंडाला पदर लावून आत गेली.

अजून पुढचं येत नाही, आधीचंही नाही. मी रोज सकाळी जाते, तुकडे मांडते आणि जाड तुकडा मुद्दाम चुकीच्या जागी ठेवते. एवढी वर्षं शिकवलं तरी हिला येत नाही, म्हणून मास्तर चिडतात. चिडू देत.