पीळ काढलेली तार

आमच्या काकांना अक्कल वाटण्याची फार हौस. भिवंडीजवळ राहनाळला आमची शेती होती तेव्हा ते भाताबद्दल सांगत, मग लूम टाकले तेव्हा कापडाबद्दल, आणि आता शेजारच्या पूर्णा गावात गोडाऊन झाल्यापासून सगळ्याबद्दलच. लूम केव्हाच भंगारात गेले. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं काकांच्या डोक्यातलं कापड काही गेलं नाही.

त्याच गोडाऊनच्या मागची एक खोली काकांनी मला दिली होती. मी तिथे सर्किट डिझाइन करायची. इंजिनिअरिंग करून मुलगी खोके ठेवायच्या जागेत बसते, हा नातेवाइकांचा आवडता विनोद होता. मला ती खोली जीव की प्राण होती. टेबल, सोल्डरिंगची बंदूक, सिग्नलची लाट दाखवणारा एक जुना ऑसिलोस्कोप, आणि दार लावलं की कुणाचं कटकटणं नाही. काकांची अट सरळ होती: त्यांच्या कन्व्हेयर पट्ट्यावर माझे बोर्ड चालून दाखवायचे. चालले तर खोली माझी, नाही तर रिकामी करायची.

पट्टा लांबलचक. मधेमधे सेन्सर, आणि खोकं आलं की त्याला योग्य बाजूला ढकलणारे लोखंडी हात. या सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, तर माझ्या ट्रान्सीव्हरमधून, म्हणजे निरोप पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या बोर्डांमधून. निरोप एकच, पण तो दोन तारांवरून जातो. एक तार वर गेली की दुसरी तेवढीच खाली. पलीकडचा बोर्ड फक्त दोघींमधला फरक वाचतो. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडला तर फरक तसाच राहतो, आणि तो सारखा पडावा म्हणून दोघींना एकमेकींभोवती पीळ घातलेला असतो. यात माझं स्वतःचं काम होतं ते मधल्या पातळीचं. भिवंडीचं व्होल्टेज म्हणजे दारुड्याची चाल. शेजारचे लूम सुरू झाले की खाली, बंद झाले की वर. तेव्हा दोन्ही तारांच्या बरोब्बर मधलं व्होल्टेज सतत मोजायचं, पक्क्या संदर्भाशी ताडायचं, आणि ते सरकायला लागलं की तारांवर निरोप सोडणाऱ्या ड्रायव्हर सर्किटला तिथल्या तिथे आवरायचं. कुणीच बोलत नसेल तेव्हाही तारा लोंबकळत्या सोडायच्या नाहीत. हे एवढंसं सर्किट जमवायला मला सगळा पावसाळा लागला होता, आणि जमलं तेव्हा मी एकटीच खोलीत मोठ्याने हसले होते.

पट्टा पाहुण्यांना दाखवायच्या आदल्या दिवशी सगळा सुरळीत चालला. काकांनी तो पाहिला, आणि त्यांची नजर भिंतीवरच्या तारेवर गेली.

"ह्या तारंला पीळ कशाला?"

"लागतो काका. पिळाशिवाय चालायचं नाही."

"बरं," म्हणाले. काकांचं 'बरं' म्हणजे ऐकलं नाही, हे मला जन्मापासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी गोडाऊन भाड्याने घेऊ पाहणाऱ्या कंपनीचे साहेब आले. नारळ फुटला, पेढे वाटले, बटण दाबलं. पट्टा दोन हात पुढे गेला आणि थांबला. पुन्हा निघाला. मग लोखंडी हातांना काय झालं कोण जाणे, दिसेल ते खोकं ते ढकलू लागले. साहेबांनी पट्ट्याच्या टोकाला टेकवलेली बॅगसुद्धा त्यांनी इमानेइतबारे नाशिकला जाणाऱ्या खोक्यांच्या ढिगात टाकली. साहेब हसले, ते हसणं मला चांगलंच लागलं.

मी धावत भिंतीशी गेले. तारेचा पीळ पार उलगडलेला. एक तार भिंतीच्या वरच्या कडेने, दुसरी खालून मोटारींना घासून, दोन्ही अगदी दोरी लावल्यासारख्या सरळ.

वायरमन म्हणजे काकांच्या लूमवरचा जुना जॉबर, माग दुरुस्त करणारा. त्याने शांतपणे सांगितलं, "सेठ बोले सीधा करो, तो सीधा किया. सुबह से वही कर रहा हूँ."

काका पुढे आले. "तान्याचे दोन धागे एकमेकांत गुंतले का लूम बंद पडतो. आमचा जनम गेला यात. सायेब येनार, आन् भिंतीवर गुंता दिसला तर कसा वाटंल?"

लूमवर ते खरंच आहे. पण तार म्हणजे धागा नव्हे, हे त्या माणसाला सांगणार कोण? मी म्हटलं, "काका, मधली पातळी मी धरून ठेवते. एका तारेला मोटारीशेजारी झोपवून तुम्ही फरकच खाल्लात, तर मी काय धरू?"

"तुझा सर्किट येवढा भारी हाय, मंग सरळ तारंवर का चालत न्हाय?"

साहेब गेल्यावर मी पिळाची नवी तार जमिनीवरून अंथरली आणि पट्टा चालवून दाखवला. एक खोकं चुकलं नाही. काका म्हणाले, "बघ, आता चालला. म्हंजे मगाशी तुझाच कायतरी चुकला व्हता." आणि उठून गेले.

काकांनी खोली रिकामी करायला लावली. बाहेरच्या एका कंपनीचे बोर्ड आले, त्यांचे सुटे भाग ठेवायला माझी खोली दिली. उरलेलं सामान न्यायला मी गेले, तेव्हा काकांनी मुद्दाम हाक मारून भिंत दाखवली. भिंतीवर पिळाची तार होती.

"त्यांचा इंजिनेर बोल्ला, ट्विस्टेड पेअर हाय. याला म्हनतात माल."

"काका, ट्विस्टेड म्हणजे पीळच."

"आगं, पन ह्यो कंपनीचा हाय ना."

मी ऑसिलोस्कोप उचलून बाहेर पडले. खोली गेल्याचा राग पुढे ओसरला. एक मात्र सलतं ते सलतंच. घरच्या माणसाला घरच्या शब्दात सांगितलं की कळतं, या भरवशावर मी 'पीळ' म्हटलं होतं. आता मी दुसरीकडे बसते, बोर्ड विकले जातात. गिऱ्हाईक विचारतं, तार कुठली? मी म्हणते, ट्विस्टेड पेअर. ते लगेच मान डोलावतं, आणि माझं तोंड कडू होतं.