कोरड्या कापसामागचं वाय-फाय

राउटरचं फर्मवेअर बदलणं म्हणजे काय, हे मी आमच्या गावात किमान वीस जणांना समजावून सांगितलं आहे. त्यांनी विचारलं नव्हतं. राउटर म्हणजे घरभर इंटरनेट वाटणारा डबा. त्याच्या पोटात कंपनीने भरलेला एक प्रोग्राम असतो, ते फर्मवेअर. ते काढून जगभरच्या हौशी लोकांनी फुकट लिहिलेलं, सगळ्यांना उघडं असलेलं फर्मवेअर त्यात घालता येतं. मग डबा तुमचं ऐकतो. घरात माझं ऐकणारं दुसरं कोणी नसल्याने मला ही कल्पना फार आवडली.

गरज पडली ती बायकोच्या क्लासमुळे. ती मागच्या खोलीत शिलाई मशीनसमोर मोबाईल लावून, व्हिडिओवरून ब्लाऊज बेतायला शिकवते. इचोड्यापासून मुधोळपर्यंतच्या गावांतल्या अकरा जणी शिकत होत्या. राउटर समोरच्या खोलीत होता आणि वर्षभर सगळं सुरळीत चाललं होतं. एके दिवशी ब्लाऊजचा मुंढा, म्हणजे बाहीची गोलाई, कापून दाखवता दाखवता ती त्यांच्या पडद्यावर कात्रीसकट गोठली. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात दोघींनी क्लास सोडला.

"अवो, मधल्या खोलीतला कापूस काढा," ती म्हणाली. "तो भरला तवापासून असं होऊन राह्यलं."

मधली खोली खालपासून आढ्यापर्यंत कापसाने भरली होती, कारण खरेदी केंद्रावरून तो परत आला होता. तिथल्या माणसाने ओल मोजायच्या यंत्राची सळई माझ्या कापसात खुपसली, आकडा पाहिला, तेलुगूत "तेम एक्कुव उंदि" म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला. ओल जास्त आहे! माझ्या कापसात! मी त्याला मराठीत, हिंदीत आणि तेलुगूत, भर रांगेत ऐकवलं की कापूस खडखडीत कोरडा आहे, तुझ्या यंत्रालाच पाणी सुटलंय. मग ट्रॅक्टर वळवला आणि कापूस घरात आणून कोंबला. तो दवात वेचलेला होता हे मला माहीत होतं. पण ते सांगायला मी तिथे गेलो नव्हतो.

वाय-फायला पाणी अडवतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे कापूस आड येतोय हे कबूल केलं, की तो ओला आहे हेही कबूल करावं लागणार. त्यापेक्षा राउटरमध्ये खोट निघणं जास्त सोयीचं होतं.

"कापूस काऊन आडवा येईन?" मी म्हणालो. "कोरडा हाये तो."

"मंग मी मशीन समोरच्या खोलीत आनू?"

"तिथं लोकं येऊन बसतात."

लोकं म्हणजे मी, आणि फर्मवेअरचा विषय निघाला की चहा अर्धा टाकून उठणारे दोघे. मोबाईलचा डेटा तिने वापरून पाहिला, तो अर्ध्या क्लासातच संपायचा.

मी कामाला लागलो. राउटर उलटा करून मॉडेल बघायचं, त्या मॉडेलची फाइल उतरवायची, लॅपटॉप वायरने जोडायचा, फाइल चढवायची आणि दिवा स्थिर होईपर्यंत वीज जाऊ द्यायची नाही. अवघड काहीच नाही. फक्त मॉडेलपुढे बारीक अक्षरात आवृत्तीचा आकडा असतो, तोही जुळावा लागतो. तो मी वाचला नाही. राउटर मेला. चार दिवस घरात कुठेच वाय-फाय नव्हतं, त्यामुळे निदान मागच्या खोलीवर वेगळा अन्याय होत नव्हता. त्यात आणखी तिघी गेल्या. शेवटी परक्या मुलखातल्या कुणा भल्या माणसाने लिहून ठेवलेल्या सूचना मोबाईलच्या डेटावर वाचत, मागचं बटण दाबून धरत मी राउटर जिवंत केला आणि नवं फर्मवेअर चढवलं. घरात साखर वाटली. बायकोने घेतली नाही.

मग राउटरच्या सिग्नलची ताकद नियमात बसेल तेवढी वाढवली. राउटरचा आवाज मोठा झाला, मोबाईलचा मात्र होता तेवढाच राहिला. कापसापलीकडून तो काय म्हणतोय ते राउटरला ऐकू येईना. अजून तिघी गेल्या.

या फर्मवेअरमध्ये एक पान असतं. घरातला कुठला मोबाईल राउटरला किती स्पष्ट ऐकू येतो, त्याचा आकडा तिथे सतत बदलत राहतो. ते पान उघडून मी माझा मोबाईल हातात धरून घराला वळसा घातला. बाजूच्या बोळात, मागच्या खोलीएवढ्याच अंतरावर, मध्ये जाड भिंत असूनही आकडा बरा होता. मागच्या खोलीत शिरलो की तळाला. तीनदा फिरलो. तिन्ही वेळा तेच.

मधल्या खोलीत जाऊन मी कापसात कोपरापर्यंत हात घातला. आत चांगलीच ऊब होती. मूठभर बाहेर काढला तर ओलसर, पिवळा पडलेला, कुबट वासाचा. जगभरच्या हुशार लोकांनी खपून जे लिहिलं त्याने मला एवढंच सांगितलं, जे बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मला माझी खरोखर लाज वाटली.

दोन दिवस एकट्याने कापूस काढून अंगणात पसरला. तिसऱ्या दिवशी तिचा क्लास सुरू झाला तेव्हा मी दारात जाऊन उभा राहिलो. पडद्यावर तीनच चेहरे होते, पण अगदी स्वच्छ.

"ताई, आज एकदम साफ दिसून राह्यलं," त्यातली एक म्हणाली. "काय केलं वो?"

बायकोने मोबाईल उचलून माझ्याकडे वळवला. फर्मवेअर हा शब्द माझ्या ओठांवर आला होता.

"कापूस ओला होता," मी म्हणालो.

तिघींना काही कळलं नाही. बायकोने मोबाईल पुन्हा मशीनसमोर लावला आणि कात्री हातात घेतली.

"आता त्या आठ जनींले फोन तुमी लावा," ती मला म्हणाली. "अन् हेच सांगा."